जीपीयू, लिनक्स आणि भूकंपाच्या कॅसेट



संयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, "लिनक्स संगणकावर जीपीयूचं सॉफ्टवेअर कसं बसवावं." पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "सर, तुमचा विषय न्यायदर्शन ना?" (हशा) त्यांची चूक नाही. आम्ही उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवलं. संगणकाशी आमचा संबंध निवृत्तीचे कागद टाइप करण्यापुरता. पण गेली दीड वर्षं आम्ही ज्या गोष्टीशी झगडतो आहोत ती हीच आहे, आणि या वयात माणसानं जे स्वतः करून पाहिलं त्याविषयीच बोलावं, असं आमचं मत झालं आहे.

हे आम्हाला लागलं कशाला, ते आधी सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे चार वाजायला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, ते लातूर जिल्ह्यात. पण आपल्या जिल्ह्यातल्या उमरगा भागात, सास्तूर आणि आसपासच्या गावांत, काय झालं ते इथं बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या कुणाला सांगायची गरज नाही. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही आणि आमचे काही विद्यार्थी टेपरेकॉर्डर घेऊन पत्र्याच्या शेडमधून हिंडलो. लोक बोलले. कुणी पाच मिनिटं, कुणी दोन तास. अडुसष्ट कॅसेट झाल्या, नव्वद मिनिटांच्या. म्हणजे शंभर तासांहून थोडं अधिक. काही कारणानं त्यांचं पुस्तक झालं नाही. ते आमचंच अपयश, त्यावर आज बोलत नाही.

कॅसेटला आयुष्य असतं. फीत सुकते, एकमेकीला चिकटते, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. तीन वर्षांपूर्वी एका जुन्या विद्यार्थ्यानं त्या सगळ्या संगणकात उतरवून दिल्या. आता त्या कागदावर यायला हव्यात. हातानं उतरवायचं तर एका तासाच्या बोलण्याला आमचे सहा तास जातात. कान आता पूर्वीचे नाहीत. हिशेब केला, आणि आपण हिशेबात बसत नाही, हे लक्षात आलं.

गल्लीतला एक मुलगा आहे, पॉलिटेक्निक केलेला. तो म्हणाला, "सर, आता ऐकून लिहिणारे प्रोग्राम आहेत. फाइल इंटरनेटवर टाका, मजकूर परत येतो." खरं आहे. पण १९९४ साली त्या शेडमध्ये बसून आम्ही प्रत्येकाला एक शब्द दिला होता: हे तुमचं बोलणं आमच्यापाशी राहील. त्या माणसांतली निम्मी आता नाहीत. शब्द दिलेला माणूस गेला म्हणून शब्द संपतो का, हा नीतिशास्त्राच्या पेपरातला चांगला प्रश्न आहे, पण आम्हाला त्याचं उत्तर आधीच ठाऊक होतं. म्हणून ते काम घरच्याच यंत्रावर व्हायला हवं होतं. आणि घरच्या यंत्रावर ते रडतखडत नव्हे, बऱ्या वेगानं व्हायचं, तर जीपीयू लागतो.

आता जीपीयू म्हणजे काय, ते थोडक्यात. आपल्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या जातात. दोन एकर फड आहे. एक माणूस कितीही हुशार असला तरी तो एका वेळी एकच मोळी बांधणार. टोळी उतरली की फड दिवसात मोकळा, कारण प्रत्येक हात तेच काम करतो आणि कुणाला कुणाची वाट बघावी लागत नाही. संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे तो हुशार माणूस. त्यात आठ-सोळा गाभे असतात. आम्ही अठरा हजारांना वापरलेलं एक कार्ड घेतलं, आरटीएक्स ३०६०, बारा जीबी स्मृतीचं. त्यात ३,५८४ छोटे गाभे आहेत. आवाजाचा मजकूर करणं म्हणजे आतून बघितलं तर आकड्यांच्या मोठमोठ्या तक्त्यांचा गुणाकार. कोट्यवधी गुणाकार-बेरजा, एकमेकींवर फारशा अवलंबून नसलेल्या. टोळीचंच काम. अर्थात सातबारा वाचायला टोळी लागत नाही. प्रत्येक काम जीपीयूवर टाकून ते वेगानं होतं, असं नाही.

ही कार्डं मुळात खेळांसाठी. १९९९ साली एनव्हिडिया या कंपनीनं आपल्या एका कार्डाची जाहिरात करताना जीपीयू हा शब्द रूढ केला. पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवणं हेही टोळीचंच काम. काही संशोधकांच्या लक्षात आलं की ठिपक्यांऐवजी आपली गणितं देता येतील. पण त्यासाठी गणिताला चित्राचं सोंग घ्यायला लावावं लागे. २००६ साली त्या कंपनीनं कुडा जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी ते लोकांच्या हातात आलं, तेव्हा ते सोंग संपलं. सरळ सांगता येऊ लागलं की हे आकडे घे, हे कर. २०१२ साली टोरोंटो विद्यापीठातल्या तिघांनी, क्रिझेव्हस्की, सुट्सकेव्हर आणि हिंटन यांनी, चित्रं ओळखणारी जी प्रणाली केली, ती खेळांच्या दोन कार्डांवर शिकवलेली होती, प्रत्येकी तीन जीबीची. आमच्या टेबलाखालच्या कार्डात त्या दोन्हींच्या मिळून दुप्पट जागा आहे. हे कळल्यावर आम्हाला जरा धीर आला.

आणि लिनक्स कशाला? तर हे सगळं तिथंच रांगतं आणि तिथंच मोठं होतं. जगातल्या पाचशे सर्वांत वेगवान संगणकांची यादी निघते. २०१७ पासून त्यातला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. पुण्याच्या सीडॅकचा परम सिद्धी-एआय २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्या यादीत ६३ वा होता. त्यात एनव्हिडियाची शेकडो कार्डं आहेत. योगायोग बघा, लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सची पहिली आवृत्ती सोडली ते साल १९९१, आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सीडॅकचा परम ८००० आला तेही १९९१. तर सांगायचं असं की पुण्याचा तो प्रचंड संगणक आणि धाराशिवातला आमचा डबा, दोन्हीकडे थर तेच आहेत. तिथं ते सांभाळायला अभियंते आहेत, इथं आम्ही.

हे थर समजले की अर्धं काम झालं. सर्वांत खाली कार्ड, लोखंडाची वस्तू. त्याच्यावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. यंत्रातल्या कुठल्याही वस्तूशी बोलायचं तर त्याच्या परवानगीनं. त्याच्याशी जोडलेला ड्रायव्हर. हा मुकादम. टोळीची भाषा त्यालाच कळते. ड्रायव्हरचे दोन भाग असतात, एक कर्नलच्या आत बसतो, एक बाहेर प्रोग्रामांच्या बाजूला. त्याच्यावर कुडाची ग्रंथालयं, म्हणजे गुणाकार कसा करावा याच्या तयार कृती. त्याच्यावर पायथन भाषेतलं पायटॉर्च किंवा तसलं काही. आणि सर्वांत वर आपला प्रोग्राम, ऐकून लिहिणारा. सहा थर झाले. प्रत्येक थराला फक्त आपल्या खालचा दिसतो.

आम्ही काय केलं? वरून सुरुवात केली. उबंटू २४.०४ बसवलं, आधी तो ऐकणारा प्रोग्राम बसवला, कॅसेट लावली. उत्तर आलं: कुडा उपलब्ध नाही. आम्ही निष्कर्ष काढला, कार्ड खराब आहे. दुकानदाराला फोन लावला आणि पाऊण तास त्याच्याशी वाद घातला.

मित्रहो, आम्ही तीस वर्षं वर्गात सांगत आलो की डोंगरावर धूर दिसला तर तिथं अग्नी आहे असं अनुमान करता येतं. पण अग्नी दिसला म्हणून धूर असेलच असं नाही, त्याला ओलं सरपण लागतं. त्या ओल्या सरपणाला नैयायिक उपाधी म्हणतात. कार्ड खराब असेल तर कुडा मिळणार नाही, हे खरं. पण कुडा मिळत नाही म्हणून कार्ड खराब, हा हेत्वाभास आहे. मधल्या चार थरांपैकी कुठलाही ओला असू शकतो. परीक्षेत हे लिहिणाऱ्या मुलाचे आम्ही गुण कापले असते. दुकानदाराची नंतर जाऊन माफी मागितली. त्यानं चहा पाजला.

म्हणून खालून वर जायचं आणि प्रत्येक थराला एकच प्रश्न विचारायचा. आज्ञा पडद्यावर इंग्रजीत दिसत आहेत, छापताना त्या उच्चाराप्रमाणे येतील. पहिला प्रश्न, एलएस-पीसीआय. ही आज्ञा मदरबोर्डवर काय काय खोचलेलं आहे त्याची यादी देते. यादीत एनव्हिडियाचं नाव असेल तर कार्ड आहे, जिवंत आहे, कर्नलला दिसतं आहे. आमच्या यादीत ते होतं. म्हणजे दुकानदार निर्दोष.

दुसरा प्रश्न मुकादमाचा. नव्या लिनक्समध्ये बहुधा एक ड्रायव्हर आपोआप आलेला असतो, त्याचं नाव नूवो. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ नवा. स्वयंसेवकांनी कंपनीच्या कार्डाचं वर्तन बघून बघून तो लिहिला, आणि त्या कामाचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्याच्यावर कुडा चालत नाही. तिथं कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. हा ड्रायव्हर वर्षानुवर्षं बंद पेटीत होता, आणि त्यावरून टोरवाल्ड्स २०१२ साली फिनलंडमधल्या एका विद्यापीठात भर सभेत कंपनीला जी बोटाची खूण करून बसला ती आम्ही इथं करून दाखवणार नाही. (हशा) २०२२ च्या मे महिन्यात कंपनीनं कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला. बाहेरचा भाग अजून बंदच आहे.

उबंटूवर हा ड्रायव्हर घालायची सरळ वाट म्हणजे त्यांच्याच भांडारातून घेणं. "सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल" एवढी आज्ञा. ती कार्ड बघून योग्य तो निवडते आणि नूवोला बाजूला बसवते. संकेतस्थळावरून मोठी फाइल उतरवून ती हातानं चालवण्याची दुसरी वाट आहे. आम्ही उत्साहात दोन्ही वाटांनी गेलो. एका घरात दोन मुकादम झाले, आणि दोघांचं एकमेकांशी पटेना. शेवटी दोघांनाही काढून, सगळं झाडून, पुन्हा पहिल्यापासून. एक वाट धरा आणि तीच धरून राहा.

ड्रायव्हर बसला की नाही, हे विचारायची आज्ञा एनव्हिडिया-एसएमआय. सगळं ठीक असेल तर एक चौकट येते: कार्डाचं नाव, तापमान, किती स्मृती वापरात आहे. आम्हाला चौकट आली नाही. ड्रायव्हरशी बोलता आलं नाही, एवढं एक वाक्य आलं. आता इथं आमचे दोन दिवस गेले, म्हणून जरा सावकाश सांगतो. आजकालच्या संगणकात सिक्युअर बूट नावाची व्यवस्था असते. ज्या तुकड्यावर ओळखीची सही नाही तो तुकडा ती कर्नलमध्ये शिरू देत नाही. ड्रायव्हर आपल्याच यंत्रावर जुळवला जातो तेव्हा त्याच्यावर आपल्याच यंत्राची सही लागते, आणि ती सही ओळखीची आहे असं आपण एकदा सांगावं लागतं. बसवताना तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो. मग यंत्र पुन्हा सुरू केलं की एक निळा पडदा येतो आणि दहा सेकंद थांबतो. त्या दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबून, चावी नोंदवा हा पर्याय घेऊन, तोच पासवर्ड द्यायचा. आम्ही यंत्र पुन्हा सुरू केलं आणि चहा टाकायला उठलो. परत येईतो निळा पडदा येऊन गेला होता. त्यानं काही तक्रार केली नाही. चावी नोंदवली गेली नाही, ड्रायव्हर दाराबाहेर राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. चहाची वेळ ठरलेली ना! तिसऱ्या दिवशी आमच्या सौ. म्हणाल्या, "ते निळं काय येतं हो मघाशी?" तेव्हा उलगडा झाला. तुम्ही हे करणार असाल तर पुन्हा सुरू करताना खुर्चीतून उठू नका. पासवर्ड साधा ठेवा, तिथं कळफलक इंग्रजी असतो.

चौकट आली, की तिच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, कुडाची आवृत्ती अमुक. हे वाक्य शंभरातल्या नव्वदांना फसवतं. त्याचा अर्थ, हा मुकादम कुडाच्या अमुक आवृत्तीपर्यंतचा करार समजू शकतो, एवढाच. कुडा तुमच्या घरात आहे, असा त्याचा अर्थ नाही. घरात काय आहे ते विचारायला एनव्हीसीसी ही वेगळी आज्ञा आहे, आणि दोन्हींचे आकडे वेगळे आले तर घाबरू नये. मुकादम नवा आणि करार जुना, हे चालतं. करार नवा आणि मुकादम जुना, हे सहसा चालत नाही. म्हणून ड्रायव्हर शक्यतो अलीकडचा ठेवावा.

आणखी एक गोष्ट, जी कुणी आधी सांगितली असती तर आमचे काही जीबी आणि एक रविवार वाचला असता. तुम्हाला कुडामध्ये स्वतः प्रोग्राम लिहायचे नसतील, नुसता तयार प्रोग्राम चालवायचा असेल, तर कुडाचं ते भलंमोठं साहित्य वेगळं बसवायची बहुतेक वेळा गरजच नसते. लिनक्सवर पायटॉर्च बसवलं की ते आपल्याला लागणारी ग्रंथालयं आपल्याच पिशवीत घेऊन येतं. खाली फक्त ड्रायव्हर हवा. लग्नाला आलेला आचारी स्वतःची भांडी घेऊन येतो, आपण फक्त चूल आणि पाणी द्यायचं, तसं.

मात्र प्रत्येक आचाऱ्याला वेगळी खोली द्यावी. पायथनमध्ये याला व्हेन्व म्हणतात; एका प्रकल्पाची सगळी सामग्री एका फडताळात, दुसऱ्याची दुसऱ्यात. उबंटूची नवी आवृत्ती तर आता मुख्य घरात पायथनचं काही बसवू देतच नाही, फडताळ करा म्हणते. सुरुवातीला आम्हाला याचा राग आला होता. मग एक दिवस प्रोग्राम म्हणाला, कुडीएनएनची अमुक फाइल सापडत नाही. आम्ही शोधली, तर कुडीएनएन होतं! पण घरात होती नववी आवृत्ती आणि तो मागत होता आठवी. तो खोटं बोलत नव्हता. त्याला "आठव्या आवृत्तीची फाइल" हवी होती, ती खरंच नव्हती. "नववी आहे, आठवी हवी" असं म्हणायला त्याला नववीचं अस्तित्व ठाऊक असायला हवं, आणि ते त्याला ठाऊक नाही. वेगळ्या फडताळात आठवी ठेवली, काम झालं.

त्या दिवसापासून आम्ही यंत्राच्या संदेशांकडे साक्षीदाराच्या जबानीसारखं बघायला लागलो. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण बोलणारा आप्त हवा: ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगतो. हे खालचे थर या अर्थानं चोख आप्त आहेत. त्यांना दिसतं फार थोडं. पण जेवढं दिसतं तेवढंच सांगतात, एक अक्षर पदरचं घालत नाहीत. संदेश पूर्ण वाचा, पहिली ओळ नव्हे तर शेवटची आधी वाचा, आणि विचारा, हे कोण बोलतो आहे, आणि त्याला काय दिसू शकतं?

एके सकाळी चौकट यायची बंद झाली. संदेश होता, ड्रायव्हर आणि त्याचं ग्रंथालय यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत. रात्री यंत्रानं आपणहून सुधारणा उतरवल्या होत्या. ड्रायव्हरचा बाहेरचा भाग नवा झाला, कर्नलमध्ये बसलेला जुनाच चालू. यंत्र बंद करून सुरू केलं की झालं. दुसऱ्यांदा कर्नलच नवा आला. कर्नल नवा आला की ड्रायव्हर पुन्हा जुळवावा लागतो. हे काम डीकेएमएस नावाचा नोकर आपोआप करतो, पण त्याला नव्या कर्नलच्या हेडर फाइली लागतात. त्या आल्या नव्हत्या. अशा वेळी यंत्र सुरू होताना मेनूतून जुना कर्नल निवडावा, आत यावं, हेडर बसवावेत. घाबरून सगळं पुसून टाकू नये. आम्ही एकदा पुसलं आहे.

एएमडी कंपनीच्या कार्डांचं विचारतात लोक. त्यांचं आरओसीएम हे खुलं आहे, तत्त्व म्हणून आम्हाला ते जवळचं वाटतं. पण कुठली कार्डं चालतील याची यादी आखूड आहे. विकत घेण्याआधी यादी बघा, आणि आपलं नाव रेंडर आणि व्हिडिओ या दोन गटांत घालायला विसरू नका.

उन्हाळ्याचं मात्र सांगायलाच हवं, कारण पुस्तकं थंड देशांत लिहिली जातात. आमच्या वरच्या खोलीत एप्रिलमध्ये दुपारी उभं राहवत नाही. हे कार्ड पूर्ण जोरात १७० वॅट घेतं, आणि फार तापलं की स्वतःच मंद होतं. एनव्हिडिया-एसएमआयलाच पीएल जोडून विजेची मर्यादा घालता येते. आम्ही १३० घातली. वेग थोडा उतरला, पंख्याची घरघर बरीच. काम रात्री अकरानंतर. वीज जाते म्हणून प्रत्येक कॅसेटचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले. गेली तर एक तुकडा जाईल, आख्खी रात्र नाही.

तर असं करत करत, एका मंगळवारी रात्री, पायथनला विचारलं की कुडा आहे का, आणि तो म्हणाला, ट्रू. सहा थर उभे राहिले. पहिली कॅसेट लावली.

सुरुवातीला त्यानं सगळं हिंदीत लिहिलं. भाषा मराठी आहे हे आपण सांगावं लागतं, नाहीतर तो अंदाज करतो. मग मराठी आली. उमरग्याकडचं बोलणं, त्यात कानडी शब्द, मध्येच दखनी. ते त्याला झेपत नाही. अशा प्रोग्रामांत व्हिस्पर सर्वांत प्रसिद्ध आहे, २०२२ साली तो खुला झाला. ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर तो शिकवलेला, पण त्यात मराठीचा वाटा नगण्य. मद्रासच्या आयआयटीतल्या एआय-फोर-भारत या गटानं आपल्या भाषांसाठी वेगळी मॉडेल्स केली आहेत, तीही खुली आहेत. आम्ही वापरतो तो कोणता, हे महत्त्वाचं नाही; पुढं जे सांगतो ती खोड कमीअधिक या सगळ्या जातीचीच आहे.

सतरावी कॅसेट. एक बाई बोलत होत्या. आमच्या विद्यार्थ्यानं विचारलं, "त्या रात्री घरात कोण कोण होतं, मावशी?" त्यावर टेपवर काही नाही. चाळीस सेकंद काही नाही, फक्त वाऱ्यानं पत्रा वाजतो. मग विद्यार्थी म्हणतो, "राहू द्या." आम्हाला ती दुपार आठवते. कागदावर त्या चाळीस सेकंदांच्या जागी लिहून आलं होतं: "घरात सगळे बरे होते."

त्या बाईंची दोन मुलं गेली होती.

आम्ही बराच वेळ तसेच बसून होतो. हे असं का होतं, ते नंतर वाचून समजलं. ही यंत्रं आवाज ऐकून पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधतात. आवाज स्पष्ट असेल तर अंदाज आवाजाला धरून असतो. आवाज नसेल तर भाषेची सवय लगाम हातात घेते, आणि प्रश्नानंतर उत्तर येतं ही भाषेची सवयच आहे. २०२४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी व्हिस्परची तपासणी केली, तेव्हा सुमारे एक टक्का तुकड्यांत त्यांना मुळात न बोललेली वाक्यं सापडली, आणि ज्यांच्या बोलण्यात मोठे विराम होते त्यांच्या बाबतीत अधिक. शंभरात एक म्हणजे थोडं वाटतं. आमच्या कॅसेटमध्ये विरामच विराम आहेत.

गंमत बघा, गंमत हा शब्द बरा नाही, पण बघा. खालचे पाच थर इतके काटेकोर की एका फाइलीचा आकडा चुकला तर पुढे पाऊल टाकत नाहीत. सहीशिवाय आत घेत नाहीत. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणतात, आणि आम्ही दीड वर्ष त्यांच्यावर चिडत होतो. आणि या सगळ्या चोख साक्षीदारांच्या खांद्यावर बसलेला सहावा, तो काहीच ऐकू आलं नाही तरी बोलतो, आणि तितक्याच स्वच्छ अक्षरात बोलतो. त्याचा कुठलाही संदेश येत नाही, चूक झाल्याची लाल ओळ नाही.

उपाय आहे, अर्धा. आवाज आहे की नाही हे आधी ओळखणारी एक गाळणी लावता येते. ती शांत भाग काढून उरलेलाच पुढे देते. त्यानं खोटी वाक्यं खूप कमी झाली. पण मग शांतता कागदावरून नाहीशी होते, प्रश्नाला प्रश्न चिकटतो. शिवाय गाळणी कडक ठेवली तर हळू आवाजातलं बोलणं, हुंदके, तेही जातात. म्हणून प्रत्येक वाक्याची वेळ छापून घेतो, जिथं अंतर पाच सेकंदांहून मोठं तिथं थांबून टेप स्वतः ऐकतो, आणि हातानं लिहितो: शांतता, इतके सेकंद. सहा तासांचं काम आता दोनवर आलं आहे. शून्यावर येणार नाही, आणि येऊही नये असं आता वाटतं. एकेचाळीस कॅसेट झाल्या.

प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, जीपीयू नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर होईल का?)

होईल. व्हिस्पर-सीपीपी नावाचा एक सुटसुटीत प्रोग्राम आहे, नुसत्या प्रोसेसरवर चालतो. लहान मॉडेल घ्या. मराठीत लहान मॉडेल फार चुका करतं, हे धरून चाला. एखाद-दुसरी मुलाखत असेल तर त्यासाठी कार्ड विकत घेऊ नका.

(प्रश्न: भाड्यानं सर्व्हर घेतला असता तर हे एका रात्रीत झालं नसतं का?)

झालं असतं. विद्यार्थ्यांनी प्रबंधाच्या गणितांसाठी जरूर घ्यावा, तासाच्या हिशेबानं मिळतो, आणि तिथंही हेच थर असतात, तेव्हा आजचं ऐकलेलं वाया जाणार नाही. आमचं कारण आम्ही सुरुवातीलाच सांगितलं.

(एका तरुणीचा प्रश्न: सर, माझी आजी सास्तूरची होती. त्या कॅसेटमध्ये ती असू शकेल. मला तो मजकूर मिळेल का?)

बाळ, आजीचं नाव इथं माइकवर सांगू नका. कार्यक्रम संपला की भेटा. नोंदवही आमच्याकडे आहे, बघू. असतील तर रविवारी घरी या, आईला घेऊन या. आधी टेप लावून देऊ. कागद त्यानंतर.